कॉफी व्हूलाचीच असणार

९ जानेवारी, मंगळवार

पुन्हा दालचिनीचे रोल! दारात ताट, वर चिठ्ठी – "व्हूला, तू आम्हांला फार आवडतेस." खाली सही नाही, नुसतं बदामाचं चित्र. ओट्यावर आता ताट ठेवायला जागा नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली आहे.

इथं सगळे मॉर्मन पंथाचे; मी नाही, एवढंच माझं वेगळेपण. बाबा म्हणाले होते, "पोरी, तिथं तुला कुणी मारणार नाही. गोड खायला घालून घालून दमवतील." बाबा प्राइस गावच्या कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेला ग्रीक माणूस. मॉर्मनांच्या शेजारात जन्म गेला त्यांचा. पण ऑर्गन शिकायचा तर युटा राज्यात यांच्या विद्यापीठातच यावं लागतं, तिसरं वर्ष चालू आहे, आणि एप्रिलमध्ये मोठ्या ऑर्गनवर माझी मैफल आहे. ती झाली की पुढचं, शेवटचं वर्ष नुसतं वाजवण्याचं.

रोल माझ्यासोबत घरात राहणाऱ्या जॅनीलनं खाल्ला. म्हणाली, "तू धर्मात आलीस तर आमची उपासमार होईल गं."

१४ जानेवारी, रविवार

आमच्या वॉर्डाची, म्हणजे इथल्या चर्चच्या मंडळीची, ऑर्गन वाजवणारी डिसेंबरात लग्न करून गेली (इथं डिसेंबरात सगळ्याच लग्न करून जातात). म्हणून आता ते काम माझ्याकडे. बिशप हॅचनी चर्चची किल्लीच दिली – "हवा तेव्हा सराव कर." बिशप एरवी दातांचे डॉक्टर. बोलतानासुद्धा माणसाला आधी भूल देतात. मनानं मात्र चांगला माणूस आहे.

सभेत प्रसादाच्या पावाचं तबक माझ्यापर्यंत येतं, मी पुढे सरकवते. सगळे स्तोत्राच्या पुस्तकावरून बघत असतात – आज घेते का?

थकले. काही न करता थकले.

२२ जानेवारी

धुकं की धूर, कळत नाही. डोंगर आठवडाभर दिसलेला नाही. सराव बरा झाला. ऑर्गनच्या पायातल्या पट्ट्यांवर डावा पाय अजून उशिरा पडतो.

४ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे यांचा उपास. दोन वेळचं जेवण नाही, आणि सभेत ज्याला वाटेल त्यानं उठून साक्ष द्यायची. प्रत्येकाची सुरुवात तीच – "मला ठाऊक आहे, हा धर्म खरा आहे." 'मला वाटतं' कुणी म्हणत नाही. ठाऊकच असतं सगळ्यांना.

लॉरली उठली. ती आमच्या घरातली सगळ्यात लहान, पहिल्या वर्षाची. रडली. ती दर वेळी रडते. जॅनील उठली नाही. मागच्या वर्षी फिनलंडहून, दीड वर्ष धर्मप्रचार करून आली, तेव्हा दर महिन्याला उठायची. स्त्रियांच्या मंडळाची अध्यक्ष आहे ती. मला धर्माजवळ आणायची कामगिरीही तिच्यावरच सोपवलेली – हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आमचा, ग्रीक ख्रिस्त्यांचा, मोठा उपास काल सुरू झाला. ईस्टरपर्यंत मांस-दूध-अंडं बंद. लॉरलीला फार नवल – "म्हणजे तुमच्यातही उपास असतो?" हो बाई. तुमच्या आधीपासून.

आता ताटं आली तर लोण्यामुळे खाता येत नाहीत. सुटले!

५ मार्च, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

जॅनीलच्या आईनं अडीअडचणीसाठी म्हणून गव्हाचे डबे पाठवलेले आहेत. यांच्या घरोघरी वर्षाचं धान्य भरून ठेवतात, तसे. जॅनीलच्या कपाटात, जॅनीलच्या कोटांखाली. लॉरलीला आज पाव करायची हुक्की आली. तिनं एक डबा उघडला. वर जॅनीलच्या आईच्या अक्षरात 'गहू'. आत कॉफी – यांच्या धर्मात निषिद्ध, आणि विद्यापीठात राहणाऱ्या सगळ्यांनाच बंद!

मी आले तेव्हा लॉरली डबा मांडीवर घेऊन बसलेली, डोळ्यांत पाणी.

"व्हूला, मी रागावले नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त वाटलं, तू आमच्याशी बोलायला हवं होतंस."

"काय बोलायला?"

"तुमच्यात पितात, मला माहितेय. तू लहानपणापासून प्यायली असशील. पण राहायला आलीस तेव्हा नियमांवर सही केलीस ना गं? मी तुझ्यासाठी उपास धरीन."

डबा जॅनीलचा, कपाट जॅनीलचं, अक्षर जॅनीलच्या आईचं – आणि कॉफी व्हूलाची! आमच्या घरी कॉफीशिवाय पान हलत नाही हे खरं, पण मला ती कधी पचलीच नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात लॉरलीच्या मागे दारात जॅनील दिसली. तिचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं.

६ मार्च

जॅनीलनं मला चालायला नेलं. कालव्याच्या कडेनं, गारठ्यात.

"फिनलंडमध्ये दारोदार कॉफी पुढे यायची," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बायका कप भरून वाट बघायच्या, आणि मी रोज नाही म्हणायची. एक बाई रडली. तिचा नवरा नुकताच गेला होता, तिला फक्त कुणासोबत तरी एक कप प्यायचा होता. मी तिला पत्रक दिलं, व्हूला. पत्रक."

मग म्हणाली, आता काहीच ठाऊक वाटत नाही. परत आल्यावर हळूहळू सगळं उडून गेलं.

"मग बिशपना सांग ना. एका कॉफीवरून काय तुझा जीव घेणार आहेत?"

"कॉफी माफ करतील गं. पण पुढचा प्रश्न विचारतील. विश्वास आहे का, म्हणून. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलले तर पदवीच्या तोंडावर विद्यापीठातून काढतील. तू बाहेरची, तू न मानता इथं राहू शकतेस. मी धर्मातली, मी न मानता राहू शकत नाही."

आम्ही परत वळलो. ती म्हणाली, "एप्रिलपर्यंत फक्त गप्प राहा, पदवी हातात पडेपर्यंत." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१० मार्च, रविवार

लॉरलीनं बिशपना सांगितलं. प्रेमापोटी. सभेनंतर बोलावणं.

"सिस्टर मनुसाकिस, घरात कॉफी सापडली म्हणे."

"प्राइसला आमच्या घरी सगळेच पितात," मी म्हणाले.

खोटं एक अक्षर नाही त्यात. आणि त्यांना तेवढं पुरलं! कुणाच्या कपाटात, कुणाचा डबा – काही विचारलं नाही. उलट चेहरा खुलला. बाहेरची पोर, सवय सुटत नाही – हे त्यांना समजण्यासारखं होतं. म्हणाले, सवय सुटल्याची खात्री होईपर्यंत चर्चची किल्ली परत दे. विद्यार्थी नियमानं वागतो असा कागद बिशप दर वर्षी विद्यापीठाला देतात, त्यावर सही तूर्त नाही. सही नाही तर मैफलही नाही.

किल्ली काढून दिली. त्यांनी मला ड्रॉवरमधून साखर नसलेली गोळी दिली.

चोर सोडून संन्याशाला फाशी. पण ती चोर तरी कुठे आहे? मला जॅनीलचा राग आला आहे. खूप. आणि तिला सांगवत नाही.

१७ मार्च

बाबांचा फोन. सगळं सांगितलं, जॅनीलचं नाव सोडून. इतके हसले की खोकला लागला.

"तू आणि कॉफी? लहानपणी एक घोट पाजला तर माझ्या अंगावर ओकलीस. त्यांना माझ्याकडे पाठव, शर्ट दाखवतो." मग हसू आवरून विचारलं, "कुणापायी मार खातेयस?"

"मैत्रिणीपायी."

"तिला ठाऊक आहे, तुझं काय जाणार आहे ते?"

मी म्हटलं हो. बाबा म्हणाले, "मग ती मैत्रीण आहे का, ते कळेल आता."

२३ मार्च

ताटं दुप्पट. संगीताच्या इमारतीत तासभर जागा मिळाली, ऑर्गन मोडका. जॅनील माझ्याशी बोलत नाही. भांडी मात्र माझ्या वाटणीचीही घासते.

३१ मार्च, रविवार

एप्रिलचा पहिला रविवार त्यांच्या मोठ्या अधिवेशनाचा, म्हणून उपास आजच होता. मी मागच्या बाकावर. पियानोवर कुणीतरी मुलगा, सगळं संथ.

लॉरली उठली. "आमच्या घरातली एक बहीण कॉफीशी झगडते आहे. आपण सगळे आज तिच्यासाठी उपाशी राहू या." सगळी सभा मागे वळली. इतक्या मायेनं बघत होते की जमीन दुभंगावी असं वाटलं. माझ्या न प्यायलेल्या कॉफीसाठी अख्खा वॉर्ड उपाशी!

मग जॅनील उठली. पुढे जाऊन बराच वेळ व्यासपीठावरच्या मेजाची लाकडी कड धरून उभी राहिली. लोकांना वाटलं, रडतेय. रडत नव्हती.

"कॉफी माझी आहे. व्हूला पीत नाही. तिनं माझ्यासाठी गप्प राहणं मी चालू दिलं." मग म्हणाली, "आणि दुसरं – मला ठाऊक नाही. बराच काळ झाला. एवढंच."

खाली येऊन माझ्या शेजारी बसली.   पियानोवरच्या पोराला शेवटचं स्तोत्र कुठलं तेही आठवेना. बिशपनी लांबून माझ्याकडे बघितलं, ऑर्गनकडे मान केली. मी जाऊन वाजवलं. डावा पाय वेळेवर पडला. गाताना जॅनीलचाही आवाज येत होता.

२ एप्रिल, मंगळवार

बिशपनी जॅनीलला बोलावलं. ती परत आली आणि गव्हाचे डबे खोक्यात भरू लागली. सही काढून घेतली. पदवी नाही. उद्या तिचे वडील ट्रक घेऊन येतायत. सॅनपीटला त्यांचा टर्की कोंबड्यांचा धंदा आहे, आणि सगळं गाव यांच्याच धर्मातलं.

"त्यांनी काय विचारलं?"

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली.

लॉरलीनं तिच्यासाठी रोल केलेत. जॅनीलच्या दाराबाहेर ठेवायचं धाडस होत नाही तिचं.

४ एप्रिल, गुरुवार

बिशपनी बोलावून माफी मागितली, मनापासून. मग रीत म्हणून विचारलं, "आमच्या धर्मावर विश्वास बसलाय का, सिस्टर?" मी म्हटलं, नाही. "हरकत नाही," म्हणाले आणि हसून सही केली. मंगळवारी जॅनील याच खुर्चीत बसली होती, तिनंही हेच उत्तर दिलं होतं. त्यांनी किल्ली पुढे केली. मी घेतली.