टर्कीचा बर्गर पुन्हा मोडला

डुलुथ, मिनेसोटा

ती. आईस चिझुरूचा नमस्कार.

तुझा जावई ग्लेन दवाखान्यातून घरी आलाय, काळजी करू नकोस. फक्त हृदयासाठी डॉक्टरांनी गोमांस बंद केलंय. म्हणून आज तिसऱ्यांदा टर्कीच्या खिम्यात आलं आणि मिसोची सोया-पेस्ट घालून बर्गर केले. तव्यावर पुन्हा भुगा. मी वैतागून कालथा आपटला, आणि भुग्यावर सॉस ओतून तसंच वाढलं.

ग्लेन म्हणाला, "सॉस झकास तिखट आहे. खाली काय आहे?"

"तुझं पथ्य," म्हटलं, आणि रडूच आलं. त्याने सगळं संपवलं. थोडं शर्टावर सांडलं.

बाबांच्या आजारपणात खिमा सुटू नये म्हणून तू त्यात तोफू कुस्करायचीस ना? किती, ते लगेच कळव. तुझे गुडघे कसे आहेत?

हा माणूस मला अजून पुष्कळ वर्षं समोर जेवायला बसलेला हवाय.

तुझी,
चिझुरू