दीड मिनिटाची बाईसाहेब

४ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! चेंडू हातात दिला की किंकाळी, आणि पुढच्या मुलीच्या पाठीत धपाटा. माझ्या खेळाच्या तासाला येणाऱ्या स्वमग्न मुलांत सगळ्यात शहाणी ही मुलगी — म्हणून तर मी तिला ‘बाईसाहेब’ म्हणतो. बोलत नाही, पण रांगेत उभं राहावं तर तिनंच. गेल्या आठवड्यापासून काय बिनसलंय कळत नाही. मुख्याध्यापिकांनी बोलावून सुनावलं, "दोन आठवडे देते, सर. नाहीतर तुमच्या तासाला ती वर्गातच बसेल." मैदानावर जीव आहे तिचा!

७ फेब्रुवारी

प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं. मुलाला त्याचाच व्हिडिओ दाखवायचा — फक्त जमलेल्या गोष्टींचा. तीन दिवस मोबाइल स्टँडवर लावून शूटिंग केलं. आज कापाकापी. किंकाळ्या काढल्या, धपाटे काढले, भोकाड काढलं. उरली दीड मिनिटाची गुणी मुलगी: रांग, चेंडू, फेक, परत रांगेच्या शेवटी. जोड कुठं आहे ते मलाही सापडत नाही. मीच माझ्यावर खूश!

१० फेब्रुवारी

तासाआधी तीनदा दाखवला. टक लावून बघत होती. मग मैदानावर चेंडू फेकला — आवाज नाही!!

१३ फेब्रुवारी

चौथा दिवस. हूं नाही की चूं नाही. मुख्याध्यापिका स्वतः मैदानावर आल्या. "जादूच केलीत की, सर!" व्हिडिओ सगळ्या शिक्षकांना दाखवणार म्हणे. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

१८ फेब्रुवारी

दुपारी तिच्या आईचा फोन. "अंघोळ घालताना मनगट सुजलेलं दिसलं, सर. एक्स-रे काढला. हाडाला तडा गेलाय — तीनेक आठवडे झाले असतील म्हणाले डॉक्टर."

तीन आठवडे! आणि रोज त्याच हाताने मी चेंडू फेकायला लावला.

आई बोलतच होती. "डॉक्टरांनी दुखऱ्या जागी दाबलं, तरी रडली नाही हो! गुपचूप उठली, बाहेर पेशंटांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. किती शहाणी केलीत तुम्ही तिला!"

फोन ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी

कापून टाकलेलं सगळं आज पहिल्यापासून पाहिलं. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी, किंकाळीनंतर, ती धावत माझ्याकडे येते. मनगट माझ्यापुढे धरते. मी तिला खांद्याला धरून रांगेत उभं करतो.