कण वळतो, थांबत नाही

बाबा, आज बारावीच्या वर्गात मी फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण लिहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खडू डाव्या हातात घेताना आधी दाराकडे पाहिलंच. मग स्वतःचाच राग आला आणि मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकसमान चुंबकीय क्षेत्रातील प्रभारित कणाची गती.

हा धडा मला तुम्हीच वडवणीच्या कॉलेजात शिकवलात. घरी बाप, वर्गात सर. घरी माझा डावा हात भाकरीकडे गेला की तुमची फूटपट्टी मनगटावर बसायची. "लोकायला आपल्याला नावं ठेवायला कारणं कमी हायेत का? त्यात आनखी एक कशाला द्यायचं?" बौद्ध वस्तीतून मास्तर झालेले पहिले तुम्ही. गावच्या लग्नाच्या पंगतीत लोक आपल्या ताटांकडे कसे बघायचे, ते तुम्ही सोसलं होतं. हे मला आज कळतं. पण बघायचे ते लोक आणि मार माझ्या मनगटाला, हा कुठला न्याय? तेव्हा विचारायची सोय नव्हती, म्हणून आता विचारते आहे.

आणि मग तो दिवस. तुम्ही फळ्यापाशी उभे आहात आणि म्हणताय, "सगळ्यांनी डावा हात वर करा." डाव्या हाताचा नियम: पहिलं बोट क्षेत्राच्या दिशेनं, मधलं कण जातोय तिकडं, अंगठा दाखवेल बल कुठं ते. वर्गभर डावे हात. मी उभी राहते. "सर, आज डावा चालतो का?" वर्ग खदखदून हसतो. तुमचे कान लाल होतात. "चालतो," तुम्ही म्हणता, "बोटं ताठ धर." त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि मी डावा हात ताटात घातला. तुम्ही फूटपट्टी उचलली नाही. एवढंच म्हणालात, "पुस्तकात हाय म्हनून वर्गात चालला. ताटात न्हाई चालायचा." मी तशीच उठले. उपाशी झोपले, पण उजवा हात अन्नाला लावला नाही.

चुंबकीय बल कणाच्या वाटेला कायम काटकोनात असतं. ते त्याला वळवतं, गोल गोल फिरवतं, पण त्याची चाल तसूभरही कमी करू शकत नाही. आज मुलांना हे सांगताना माझा आवाज उगाच चढला. तुम्ही मला वळवलंत, बाबा. लिहायला, जेवायला, सही करायला उजवा हात वापरायला लावलात. माझी चाल मात्र तुमच्याच्यानं कमी झाली नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, इलेक्ट्रॉनला काय करायचं?" ऋण प्रभार, म्हणजे बल उलटं. मी म्हटलं, हीच बोटं उजव्या हाताची धर, झालं. तेवढ्यापुरता तुमचा हात कामाला आला. आभार मानणार नाही. तास संपला आणि मी माजलगावच्या बाजारातून भाजी घेऊन घरी आले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं सांगते. तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती आज डाव्याच हातानं लावायची, असं वाटेत पक्कं केलं होतं. काडी डाव्या हातानं ओढली, पेटलीही. तुमच्यासमोर नेताना ती मी उजव्या हातात घेतली.