रविवारच्या फोनबद्दल

नोएडा, ९ डिसेंबर १९९९

ती. बाबांना सुखदाचा वाकून नमस्कार.

श्वासाच्या आजारांवरच्या उपचारांचं माझं प्रशिक्षण संपलं आणि सोमवारपासून इथल्याच हॉस्पिटलात नोकरी सुरू झाली. थंडी फार आहे, पण आईचा स्वेटर पुरतो.

काल वॉर्डातल्या एका आजोबांना विचारलं, दम लागतो का? त्यांची मुलगी शेजारी उभी होती. ते म्हणाले, "बिल्कुल ठीक हूँ, बेटी." पण तेवढं बोलूनही त्यांना श्वासासाठी थांबावं लागलं. तपासलं तर ऑक्सिजन फार कमी. लगेच मास्क लावला. आता बरे आहेत.

बाबा, रविवारी फोनवर तुम्हीही तसेच थांबत होता. लाईन खराब आहे म्हणालात. मग आईचा आवाज सलग कसा आला? आणि खोकला गेलाय म्हणालात, तर मधेच रिसीव्हरवर हात का ठेवलात?

मला तुमचं खरं वाटत नाही. वीस तारखेचं तिकीट काढलंय. रजा मिळाली आहे, रागवू नका.

तोवर हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. आई, ते जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण कर. मी आल्यावर बघेन.

तुमची संशयी लेक,
सुखदा