कच्ची हाय अजून

माय, काल हळद शिजवली. आता वाफेचा कुकर दारात येतो, चहा होईपर्यंत ड्रम उतरतो. तुझ्या वेळी कढई होती. नऊ महिने कालव्याचं पाणी पाजलेलं पीक पाला कापून खणायचं, गड्ड्यांची बोटं मोडून वेगळी करायची आणि दोन-तीन दिवसांत शिजवायची. कमी शिजली तर आतून कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग जातो. एकदा माझ्याकडून जास्त शिजली, तेव्हा तू दिवसभर बोलली नव्हतीस.

त्या कढईच्या काळातल्या एका दिवशी मी हळदीची बोटं मोडत बसले होते. दोन महिने माहेरी होते. माझ्या दंडावरचं काळंनिळं तू पाहिलंस, पण विचारलं नाहीस. दुपारी माझा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ बांधावर येऊन उभे राहिले.

"न्यायला आलोत," थोरला म्हणाला.

"बसा पाव्हणं," तू म्हणालीस. "हळद चुलीवर हाय, मधीच उठता येत न्हाई."

फेस वर आला, वास सुटला. तू एक हळकुंड काढून काडी टोचलीस. ती लोण्यात जावी तशी आरपार गेली. माझ्याकडे बघत म्हणालीस, "कच्ची हाय अजून." आणि जाळ वाढवलास. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हळकुंड तुझ्या बोटांत चेंदलं, तरी तेच.

"मामी, खेळ करून राहिल्या का?" थोरला उठला. नवऱ्यानं माझं मनगट धरलं. तू मोठ्या पळीत उकळतं पाणी घेऊन पुढे आलीस.

"हात सोडा, पाव्हणं. माझा हात हलला तर मला बोल लावू नका."

त्यानं सोडला. दोघं शिव्या देत हट्टा गावाच्या रस्त्याला लागले, ते परत आले नाहीत. तू पळी खाली ठेवलीस आणि चुलीतला जाळ ओढून काढलास.

"इतका येळ तुझ्या तोंडाकडं पाहून राहिले," तू म्हणालीस. "तूच न्हाई म्हनशील म्हनून. काहून बोलली न्हाईस?"

ती फिकी हळद बाजारात गेली नाही. वर्षभर आपणच खाल्ली. मी भ्याले म्हणून बोलले नाही, असं तू धरून चाललीस, आणि मीही तुला तसंच समजू दिलं. माझ्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न अडेल, असं गावातल्या बाया म्हणत होत्या. न्यायला या, असा निरोप सासरी मीच धाडला होता, माय.