दीपगृहाच्या बुडाला शाल

आदरणीय मेव्हणेसाहेब यांस,

नमस्कार. एरवी साष्टांग घालतो, पण या वेळी उभ्या उभ्याच करतो. का, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल. तुमची कंबर कशी आहे? (हा प्रश्न नुसता रीत म्हणून विचारलेला नाही, त्या कंबरेचा पुढे संबंध येणार आहे.) वहिनींचा खोकला थांबला का? इकडे तुमची बहीण खुशाल, मांजर खुशाल, आणि मी कसा आहे ते सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण फोन हिच्याजवळ असतो आणि हिचे कान सगळीकडे. म्हणून सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे पत्र देतो आहे. तो तुमच्या दारात आणून देईल. त्याला चहा पाजा.

दीपगृहाकडे चढत जाणारी आमची गल्ली तुम्ही पाहिली आहेच. अकरा दुकानं, अकराही अरुंद, आणि पावसाळा आला की अकराही गळतात. वडिलांनंतर तीस वर्षं मी इथेच लाकडी दीपगृहं कातून विकतो. दीड वर्षापूर्वी पायथ्याशी पर्यटक केंद्र उभं राहिलं. पैसा सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचाच, म्हणजे आमच्याच वहाणेने आमचंच तोंड फोडायचा प्रकार. आत थंडगार हवा, भिंतीवर दीपगृहाचा इतिहास (त्यात बांधणीचं साल चुकलेलं आहे, मी अर्ज केला होता), आणि बाहेर पडायच्या वाटेवर स्टोअर. त्यांना भाडं नाही, विजेचं बिल नाही, खप झाला काय, न झाला काय, पगार ठरलेला. मोफत स्वच्छतागृह स्टोअरच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेलं आहे, त्यामुळे ज्याला अडचण आहे त्याला आधी सगळा माल बघावा लागतो. अशा डोक्यापुढे आपण काय टिकणार? बसही आता तिथेच थांबते. शिंपलेवाला दुपारी दुकानात झोपतो, आणि त्याला उठवायला कोणी येत नाही.

मग आम्ही दुकानदार मंडळाची बैठक घेतली. अध्यक्ष फोटोवाला, चिटणीस मी (अक्षर चांगलं असल्याची शिक्षा). पहिला ठराव, त्या केंद्रात कोणी पाऊल टाकायचं नाही. तो बिनविरोध मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी चहावाला स्वच्छतागृहाच्या निमित्ताने आत जाऊन आला. तो परत आला तो धापा टाकत. म्हणाला, "अहो, तिथे तुमची दीपगृहं आहेत! हुबेहूब!" माझं डोकं असं फिरलं म्हणता! आपल्यातल्याच कोणीतरी नमुना नेऊन दिला असणार, ही घरभेद्याची करणी आहे, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. आणि तिथल्या तिथे दुसरा ठराव लिहिला : जो कोणी केंद्राच्या स्टोअरला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मदत करील, त्याने गल्लीतला गाळा मंडळाच्या ताब्यात देऊन निघून जावं. "प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष" हे शब्द माझे. फार आवडले होते मला. खाली पहिली सही माझी.

आता घरभेदी कोण, याचा शोध सुरू झाला आणि संशय गेला टोपीवाल्या काकूंवर. काकूंचं दुकान माझ्या समोर. सत्तरी उलटली, मागेपुढे कोणी नाही, दुकान हाच संसार. त्यांच्या गल्ल्याशेजारी माझं एक दीपगृह असायचं, त्यावर त्या नमुन्याची टोपी चढवून ठेवत. ते दीपगृह महिन्याभरापासून दिसत नाही. शिवाय शिंपलेवाल्याने काकूंना तीनदा केंद्राच्या मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं (तो जागा कधी होता, हे कोणी विचारलं नाही). अध्यक्षांनी विचारलं तर काकू नुसत्या म्हणाल्या, "मला काही सांगायचं नाही." झालं. त्या दिवसापासून गल्लीत त्यांच्याशी कोणी बोलेना. चहावाला त्यांचा कप उंबऱ्यावर ठेवून पळायचा. आणि सांगायला लाज वाटते, मीही समोर बसून मान खाली घालून लाकूड घासत राहायचो. रविवारी सकाळी दहाला बैठक आहे. त्यात काकूंचा गाळा काढून घ्यायचं ठरणार आहे.

पुरावा हवा म्हणून मंडळाने आज मला रीतसर परवानगी देऊन केंद्रात पाठवलं, लाकडातलं कळणारा माणूस म्हणून. काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्यांखाली, ओळीने बारा दीपगृहं उभी होती. पुढे पाटी, "स्थानिक कारागिराची कला". खोटं कशाला बोलू, क्षणभर छाती फुगली. इतकी सुंदर ती माझ्या दुकानात कधी दिसली नव्हती. मग एक उचललं आणि उलटं केलं.

मेव्हणेसाहेब, आता एक कबुली द्यायला हवी. दीपगृहाच्या बुडाला मी लोकरीचा तुकडा चिकटवतो, म्हणजे कपाटावर चरे उठत नाहीत. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही हिला जी तपकिरी चौकड्यांची शाल दिली होती (उबदार आहे, पण टोचते), ती गेली दोन वर्षं मी थोडी थोडी कापतो आहे. शाल धोब्याकडे हरवली असं ही समजते, आणि धोब्याशी बोलत नाही. तर त्या थंडगार स्टोअरमध्ये, त्या उलट्या दीपगृहाच्या बुडाला, तपकिरी चौकडी माझ्याकडे बघत होती. बाराही उलटून पाहिली. बाराही बुडं तीच. नक्कल कसली घेऊन बसलात, माझीच पोरं ती! काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हा माल आणून कोण देतं? ती म्हणाली, "शहरातले एक काका आणतात. फार हसरे आहेत. कंबरेवर हात ठेवून चालतात."

आता तुमची कंबर कशी आहे?

आठ महिने तुम्ही माझा माल घेऊन जात होतात आणि म्हणत होतात की शहरातलं शोभेच्या वस्तूंचं दुकान तो मागतं. मी बैठकीत छाती काढून सांगायचो की बाबांनो, शहरात कलेची कदर आहे. तो सगळा माल शहर बघून परत माझ्याच पायथ्याशी येत होता! गल्ली बुडवणारा मी, ठराव लिहिणारा मी, आणि शिक्षा काकूंना. तुम्हाला चार शब्द सुनवायचे होते, पण तुमची शाल कापलेली असल्यामुळे तोंड उरलेलं नाही.

परत आलो तेव्हा सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे होते. मी म्हटलं, लाकूड ओळखीचं वाटत नाही, रविवारी बघू. समोर काकू टोप्या झटकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पण अध्यक्षांनी कोणाकडून तरी केंद्रातून एक दीपगृह विकत आणवलं आहे. रविवारी ते टेबलावर ठेवणार आहेत, आणि त्या टेबलावर चहा मांडायला तुमची बहीण असते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा (अजून तरी),
मेव्हणा

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. रविवारी पहिल्या बसने या आणि बैठकीत उभं राहून सांगा की माल तुम्ही परस्पर दिलात, मला काही ठाऊक नव्हतं. आणि येताना, ती शाल जिथून घेतली होतीत त्याच दुकानातून तशीच शाल घेऊन या. हिच्या कपाटात मागच्या बाजूला सरकवून ठेवू. धोब्याचंही भलं होईल.

ता. क. २ : शुक्रवार सकाळ. बस यायला वेळ आहे म्हणून लिहितो. उठल्या उठल्या काकूंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या टोप्या लावत राहिल्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे रे. केंद्रवाले टोप्या मागत होते. तीनदा बोलावलं, तीनदा नाही म्हणून आले. तिथे तुझी दीपगृहं दिसली. एक उलटं करून पाहिलं. ती शाल तुझ्या बायकोच्या अंगावर पाहिलेली आहे मी." मग माझं त्यांच्याकडचं दीपगृह गेलं कुठे, विचारलं. तर म्हणाल्या, "घरी नेऊन ठेवलं. इथे असतं तर कोणीतरी उलटून पाहिलं असतं."

ता. क. ३ : तुम्ही बैठकीत काही बोलू नका, नुसते येऊन बसा. शाल मात्र आणा. तशी नको, न टोचणारी आणा. ती काकूंसाठी. हिला मी आज दुपारीच सांगणार आहे. रविवारी दुसरा ठराव पुन्हा वाचायचा आहे, तो मीच वाचेन. माझंच अक्षर आहे, अडखळायला नको.