छाती शिवण्याआधी

४ जानेवारी

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद. चहा पिऊन मगच वाच. काल तुझा नवरा करत होता त्या ऑपरेशनला सोनोग्राफीच्या यंत्रावर मी होते. टेबलावर बेकरीवाल्याची शाळकरी लेक. पळताना दोनदा कोसळलेली. हृदयाला रक्त पुरवणारी तिची एक धमनी जन्मतःच भलत्या जागी फुटून दोन मोठ्या नळ्यांमध्ये चिमटली होती. तुझ्या ह्यांनी ती मोकळी केली. हात देखणाच, नाही कशाला म्हणू? पण हृदय पुन्हा चालू झाल्यावर मी त्यावर यंत्राचा प्रोब टेकवला, तर धमनीचं तोंड अजून अरुंदच. शिवू नका, म्हटलं. तर म्हणाले, की पडद्यावरच्या सावल्या बघून ते काम उसवत नाहीत, आणि बायकोच्या थोरल्या बहिणीचं, आकडसासूचं, इथेही ऐकायचं का! सगळे हसले. भूल देणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. रक्तदाब उतरतोय, पडदा बघा, असं त्यांनी दरडावलं तेव्हा कुठे मान वळली. तोंड रुंद केलं, मी पुन्हा पाहिलं, रक्त सुरळीत वाहू लागलं होतं.

मुलगी वाचली. बाहेर आईबापांना तुझ्या ह्यांनी सांगितलं, की शंका त्यांनाच आली, म्हणून त्यांनीच यंत्र लावायला सांगितलं. शेजारी उभ्या उभ्या मला त्यांची किळस आली. आणि आज त्यांचा हुकूम निघालाय, की बोलावल्याशिवाय यंत्र आत आणायचं नाही. पुढच्या आठवड्यात एक तान्हं बाळ आहे गं.
माया आहेच, रागावलीस तरी राहील.
तुझी ताई

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुला लहानपणापासून दुसऱ्याच्या ताटातला केस आधी दिसतो. ह्यांचं श्रेय तुला खुपतंय, दुसरं काय! रविवारी त्यांचा सत्कार आहे. तिथे कृपा करून तोंड उघडू नकोस. संसार मला करायचाय.
रागातही तुझीच,
बारकी

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तू सत्काराला आली नाहीस, बरं केलंस. आदल्या रात्री जेवताना मी ह्यांना यंत्राबद्दल विचारलं. म्हणाले, दर वेळी पडदा पाहिला तर लोकांना वाटेल, हाताचा भरवसा नाही. बाळाचं काय, विचारलं, तर म्हणाले, आमटी वाढ. त्या हातात वाटी देताना मला शिसारी आली, ताई. माझ्याच नवऱ्याची.

सत्कारात त्यांनी तीच शंकेची गोष्ट रंगवली. बेकरीवालीण पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. मला राहवलं नाही. उठले आणि सांगितलं, की शिवू नका म्हणणारी माझी ताई होती, आणि ह्यांनी तिची थट्टा केली होती. भूल देणाऱ्या बाई मागून म्हणाल्या, की खरं आहे. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी तिथेच जाहीर केलं, की पडदा पाहिल्याशिवाय यापुढे छाती शिवायची नाही. ह्यांनी घरी अबोला धरलाय. मुलगी गेली असती याचं काही नाही, लोकांपुढे तोंड उतरलं याचंच दुःख!
मागचं पत्र फाडून टाक, मला नको.
तुझी बारकी

१६ जानेवारी

चि. सौ. बारकीस,
अनेक आशीर्वाद. पत्र फाडलं. आज बाळाचं ऑपरेशन झालं. तुझे हे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून पडद्यापुढे उभे राहिले. एक टाका धमनीला ओढत होता. तो दिसला, निमूट सोडवला, पुन्हा पाहिलं. मला त्यांची किळस अजून येते, खोटं कशाला बोलू? पण बाळाचे ओठ गुलाबी झाले.
चार दिवस माझ्याकडे राहायला ये.
तुझी ताई